पागडीची खोली: पावती नावावर करण्यापासून पुनर्विकासाच्या करारापर्यंत, भाडेकरूंसाठी मार्गदर्शक

मुंबईच्या जुन्या चाळींत आणि इमारतींत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे मालक नसतात आणि आजच्या अर्थाने भाडेकरूही नसतात. भाडे काहीशे रुपये, ताबा कायमचा (एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या अशा भाड्याच्या जागेलाच पागडीची जागा म्हणतात), आणि हक्क कुठे सुरू होतो नि कुठे संपतो याबद्दल घरात तीन माणसांची तीन मते. वडील गेल्यावर, इमारतीला नोटीस लागल्यावर किंवा बिल्डरची माणसे जिना चढून आल्यावर पहिल्यांदा कागद शोधले जातात. तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. असे भाडेकरू नेहमी विचारतात ते प्रश्न इथे क्रमाने घेतले आहेत.

१. तुमची जागा नेमकी कोणत्या प्रकारात मोडते ते आधी ठरवा

मालक आणि भाडेकरू यांचे नाते महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने चालते. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. पुण्यातले वाडे, नाशिकच्या जुन्या पेठा, मुंबईच्या चाळी, सगळीकडे हाच कायदा.

इमारतीची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी हा वेगळा विषय आहे. मुंबई शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या खासगी भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर लागतो. त्यांना आपण ‘सेस बिल्डिंग’ म्हणतो. १९६९ मध्ये अशा १९,६४२ इमारती होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, त्यानंतर ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि १ जानेवारी १९५१ पासूनच्या ‘क’ वर्गात येतात. त्यांची जबाबदारी म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आहे. उपनगरातल्या, ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या जुन्या इमारतीला हे मंडळ लागू नाही. अंधेरीतल्या भाडेकरूने गिरगावच्या नातेवाइकाचे ऐकून म्हाडात अर्ज केला, तर तो फुकट जातो.

ओळखायचे कसे? पालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात दुरुस्ती उपकराची रक्कम आहे का ते पाहा. बिल मालकाकडे असते आणि तो दाखवत नसेल, तर भाडेपावती पाहा. उपकराची आकारणी पावतीवर बहुधा वेगळी लिहिलेली असते.

आणखी एक खात्री करून घ्या. तुमच्याकडचा कागद ‘लिव्ह अँड लायसन्स’चा तर नाही ना? अकरा महिन्यांचा परवाना करार म्हणजे पागडी नव्हे. मुदत संपली की त्यात जागा सोडावी लागते, आणि न सोडल्यास याच भाडे कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट परवाना शुल्क लागते. ‘नवीन नियम आलाय, सगळ्यांचे करार नव्याने करतोय’ असे सांगून जुन्या भाडेकरूकडून परवाना करारावर सही घेतली जाते. त्या एका सहीने पन्नास वर्षांचा भाडेहक्क वादात येतो. असा कागद समोर आला तर सही करू नका, वकिलाला दाखवा.

२. फाइल तयार करा

पुढच्या प्रत्येक पायरीवर हीच फाइल लागणार आहे. मूळ कागद एका जागी ठेवा, दोन झेरॉक्स संच करा आणि मोबाइलवर स्कॅन ठेवा.

- सर्वांत जुनी भाडेपावती, सर्वांत नवी, आणि मधली दरवर्षाची किमान एक
- १३ जून १९९६ पूर्वीची किमान एक पावती किंवा वहिवाटीचा पुरावा
- वीज बिल, शक्य तितके जुने
- शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद, आधार
- मूळ भाडेकरूचा मृत्यू दाखला आणि वारसांची नावे दाखवणारा कागद
- पागडी विकत घेतली असल्यास तो करार आणि मालकाच्या संमतीचे पत्र
- दुकान किंवा गाळा असल्यास गुमास्ता परवाना
- पालिकेच्या करनिर्धारण व संकलन खात्याचा तपासणी उतारा, ज्याला खात्यात ‘इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात

शेवटचा कागद फार थोड्यांना माहीत असतो. कर ठरवताना पालिका इमारतीतल्या प्रत्येक खोलीचा भाडेकरू आणि त्याचे भाडे नोंदवत आली आहे. पावत्या पावसात भिजल्या असतील, वाळवीने खाल्ल्या असतील किंवा मालकाने तुमचे नावच नाकारले असेल, तेव्हा हा सरकारी उतारा कामी येतो. प्रभाग कार्यालयात अर्ज करून तो काढून ठेवा.

१३ जून १९९६ या तारखेचे महत्त्व असे: उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात त्यानंतर निर्माण केलेला नवा भाडेहक्क धरला जात नाही. त्या तारखेनंतर एका खोलीच्या दोन पावत्या करून घेतल्या म्हणून दोन घरे मिळत नाहीत.

३. पावती नावावर करून घ्या

सर्वाधिक भांडणे इथेच होतात. पावती आजोबांच्या नावावर, आजोबांना जाऊन तीस वर्षे झाली आणि भाडे आपण भरतो, अशी घरे प्रत्येक चाळीत आहेत.

भाडेहक्क सातबाऱ्यासारखा सगळ्या वारसांत वाटला जात नाही. कलम ७(१५)(ड) सांगते की राहत्या जागेचा भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तिथे राहत असलेला कुटुंबातील सदस्य भाडेकरू होतो. तसा कुणी नसेल तरच इतर वारसाचा विचार होतो. एकमत झाले नाही तर न्यायालय ठरवते. त्यामुळे बदलापूरला घर करून राहणारा थोरला भाऊ आणि आईजवळ खोलीत राहिलेली धाकटी बहीण यांच्यात बहिणीची बाजू भक्कम असते. ती मुलगी आहे किंवा धाकटी आहे याने फरक पडत नाही. मृत्युपत्र लिहूनही भाडेहक्क हव्या त्या माणसाला देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९४ मध्येच स्पष्ट केले आहे.

करायचे असे:

क) सोबत राहत असल्याचे त्या काळातले पुरावे गोळा करा: शिधापत्रिका, मतदार यादी, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक.
ख) इतर वारसांकडून त्यांची हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र घ्या. आज गोडीगुलाबीने मिळणारी सही पुनर्विकासाची बातमी आल्यावर मिळत नाही.
ग) मालकाला लेखी अर्ज द्या, मृत्यू दाखला जोडा आणि पोच घ्या. पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा.

नाव बदलण्यासाठी मालक मोठी रक्कम मागतो, तेव्हा दोन गोष्टींत गल्लत करू नका. पागडी तिऱ्हाइताला विकताना संमतीसाठी मालकाने पैसे घेणे कलम ५६ ला मान्य आहे. वारसाने नाव लावणे ही विक्री नव्हे, तिथे हक्क कायद्यानेच येतो. मालक अडून बसला तरी भाडे भरणे थांबवू नका. नाव नसले तरी हक्क असतो, पण तो सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर राहतो.

पावती हातात आली की नीट वाचा. खोली क्रमांक, मजला, महिना, मूळ भाडे, उपकर आणि सही हे सगळे हवेच. ‘भाडे’ या शब्दाच्या जागी ‘कॉम्पेन्सेशन’ किंवा ‘वापराचा मोबदला’ लिहिले असेल, तर त्याच आठवड्यात लेखी हरकत पाठवा. पुढे कोर्टात याच शब्दावर तुम्हाला भाडेकरू नव्हे तर घुसलेला माणूस ठरवण्याचा प्रयत्न होतो.

४. भाडे भरा, आणि भरल्याचा पुरावा ठेवा

मालक वर्षाला ४ टक्के भाडेवाढ करू शकतो. ३०० रुपये भाडे असेल तर वर्षाला १२ रुपये. वाढलेले कर आणि मालकाने खरोखर केलेल्या संरचनात्मक दुरुस्तीचा खर्च यांची आकारणी कायद्याच्या चौकटीत वेगळी होते. ‘बाजारभावाने भाडे द्या’ या मागणीला पागडीच्या घरात आधार नाही.

पैसे घेतले की पावती देणे मालकावर कलम ३१ नुसार बंधनकारक आहे. मालकाचा मेहता, म्हणजे भाडे वसूल करणारा कारकून, भाडे घेऊन जातो आणि ‘पावती नंतर देतो’ म्हणतो, तेव्हा रोख देणे थांबवा आणि चेक किंवा बँक हस्तांतरण सुरू करा.

मालक भाडे घेतच नसेल तर सावध व्हा. काही वर्षे भाडे स्वीकारायचे नाही आणि मग थकबाकीचा दावा लावायचा, ही जुनी युक्ती आहे. दरमहा मनी ऑर्डर करा. ती परत आली तर ‘घेण्यास नकार’ असा टपाल खात्याचा शेरा असलेला कागद फाइलला लावा. असे कागद सलग असले की थकबाकीचा आरोप टिकत नाही.

थकबाकीची नोटीस आलीच तर घाबरण्याचे कारण नाही, पण तारीख लिहून ठेवा. कलम १५ नुसार लेखी मागणी दिल्यापासून ९० दिवस होईपर्यंत मालकाला त्या कारणाने दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकीत रक्कम १५ टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली आणि निकालापर्यंत भाडे नियमित भरत राहिलात, तर थकबाकीसाठी जागा जात नाही. नोटीस खणात टाकून देणाऱ्यांची घरे मात्र खरोखर गेली आहेत.

५. खोलीत काय करता येते, काय केले तर खोली जाते

मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमचे बांधकाम केले तर ताबा जाऊ शकतो. पण कायद्याने काही कामे ‘कायमचे बांधकाम’ या व्याख्येतून वगळली आहेत: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, हवेसाठी जाळी किंवा खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट आणि धुराडे. जिथे पालिकेची परवानगी लागते तिथे ती घ्यायचीच. भिंत पाडून दोन खोल्या एक करणे किंवा गॅलरी विटांनी बंद करणे या यादीत बसत नाही. लाकडी तुळयांच्या इमारतीत खोलीतच संडास-बाथरूम बांधले की ओल थेट तुळईच्या टोकात उतरते. तुळई भिंतीत शिरते तिथेच आधी कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून हा विषय केवळ कायद्यापुरता नाही, खालच्या कुटुंबाच्या जिवाचा आहे.

पोटभाडेकरू ठेवणे हेही ताबा जाण्याचे कारण आहे. भाच्याला शिकायला ठेवले तर ते पोटभाडे नव्हे. खोली दुसऱ्याच्या स्वाधीन करून पैसे घेतले तर मात्र आहे.

कुलूप हा तिसरा सापळा. दावा लागण्याच्या आधी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा वापरात नसेल, तर कलम १६(१)(न) खाली मालक ताबा मागू शकतो. विरार-डोंबिवलीला राहायला गेलेली आणि ‘पुनर्विकासात घर मिळेल’ म्हणून खोलीला कुलूप घातलेली कुटुंबे इथेच अडकतात. महिनोन्‌महिने शून्य युनिटचे वीज बिल हा मालकाच्या हातातला पहिला पुरावा असतो. खोली वापरायची तर खरोखर वापरा.

जिना आणि गॅलरी सामाईक आहेत. तिथे कपाटे आणि सिलिंडर ठेवल्याने आगीच्या वेळी वाट बंद होते, आणि उपद्रवाची तक्रार झाली तर तीही ताब्याच्या दाव्याचे कारण ठरू शकते.

६. दुरुस्ती कोणाची?

कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य ठेवणे मालकाचे काम आहे. त्याने टाळाटाळ केली तर किमान १५ दिवसांची नोटीस टपालाने देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. पण एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त वळते करता येत नाही. भाडे महिना ३०० असेल तर वर्षाला ९०० रुपये. एवढ्यात गच्चीचा डांबर थरही होत नाही. तरीही नोटीस जरूर द्या, कारण मालकाने दुर्लक्ष केल्याची ती नोंद असते.

उपकरप्राप्त इमारतीत तुळया, खांब, जिना, स्लॅब यांच्या दुरुस्तीसाठी दुरुस्ती मंडळाच्या तुमच्या विभागातील कार्यकारी अभियंत्याकडे अर्ज करा. अर्जावर शक्य तितक्या भाडेकरूंच्या सह्या घ्या, तडे आणि झुकलेल्या भागांचे तारखेसह फोटो जोडा. मंडळाच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा असते आणि वरचा खर्च रहिवाशांना भरावा लागतो, म्हणून अंदाजपत्रक लेखी मागा. टेकू लावून गेले की काम संपले असे समजू नका. टेकू तात्पुरताच असतो, तो का लावला आणि पुढे काय होणार हे लेखी विचारा.

पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई यांपैकी काही मालकाने तोडले तर कलम २९ खाली न्यायालयात अर्ज करता येतो.

७. ‘धोकादायक’ नोटीस लागली

नोटीस कोणाची, कोणत्या कलमाची आणि कोणाच्या सहीची, हे आधी वाचा. पालिकेची नोटीस बहुधा मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ ची असते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालकाच्या ऑडिटरने, म्हणजे इमारतीची मजबुती तपासणाऱ्या अभियंत्याने, सी-१ दिले आणि तुम्हाला शंका असेल, तर भाडेकरू स्वतःचे ऑडिट करून देऊ शकतात. दोन अहवाल परस्परविरुद्ध असतील तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते.

पण इमारत खरोखरच पडायला आली असेल, तर कागदासाठी जीव धोक्यात घालून आत राहू नका. इमारत पाडली किंवा कोसळली म्हणून भाडेहक्क नष्ट होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे. बाहेर पडण्यापूर्वी मात्र एवढे करा:

- पालिकेच्या अधिकाऱ्याकडून तुमच्या खोलीचे चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) मोजून यादीत नोंदवून घ्या आणि यादीची प्रत मागा. पाडकामापूर्वी ही नोंद व्हावी, असे उच्च न्यायालयाचे निर्देश आहेत.
- खोलीचा आतून व्हिडिओ काढा, दारावरच्या खोली क्रमांकासह.
- ताबा कोणाला आणि कोणत्या तारखेला दिला, ते लेखी घ्या. ‘जागा सरेंडर केली’ असा शब्द कुठेही येऊ देऊ नका.

संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत, जागा मिळाली, तर वाटपपत्र जपा आणि तिथले भाडे नियमित भरा. ती जागा दुसऱ्याला देऊ नका. शिबिरांच्या पाहणीत मूळ रहिवासी, मुखत्यारपत्रावर विकत घेणारे आणि घुसखोर असे गट केले जातात, आणि कायम घराचा हक्क सर्वांत भक्कम मूळ रहिवाशाचाच असतो. ज्यांची इमारत त्याच जागी पुन्हा उभी राहणे शक्य नाही, त्यांनी बृहत्सूचीसाठी, म्हणजे कायम घर द्यायच्या मूळ भाडेकरूंच्या म्हाडाच्या यादीसाठी, अर्ज करावा.

उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडा कायद्यात कलम ७९अ आले आहे. त्याचा क्रम असा: आधी मालकाला सहा महिने, त्याने ५१ टक्के संमतीसह प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने, तेही न झाल्यास म्हाडा जागा संपादित करून बांधते. अशा नोटिसा देण्याच्या अधिकारावरून प्रकरणे उच्च न्यायालयात गेली आहेत, म्हणून नोटीस आल्यावर सध्याची स्थिती वकिलाकडून तपासा. दरम्यान संस्थेची तयारी मात्र सुरू ठेवा. सहा महिने पाहता पाहता निघून जातात.

८. पुनर्विकास: सही करण्याआधी

विकास नियंत्रण नियम ३३(७) खाली किमान ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते. पात्र निवासी भाडेकरूला जुन्या जागेइतके, पण किमान २७.८८ चौरस मीटर म्हणजे ३०० चौरस फूट आणि कमाल १२० चौरस मीटर चटई क्षेत्राचे घर मोफत आणि मालकीने मिळते. पुनर्वसनाच्या भागावर ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल क्षेत्र, म्हणजे नेहमीच्या मर्यादेवरचे जादा बांधकाम, प्रीमियमशिवाय मिळते. ते तुमच्या घरात धरले आहे का, हे नक्की विचारा. २७.८८ वर ३५ टक्के धरले तर घर ४०५ चौरस फुटांच्या आसपास जाते. बिल्डर हाच आकडा ‘आमच्याकडून जास्तीचे’ म्हणून सांगतो.

मोजणीच्या दिवशी घरी थांबा. फीत प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत लावा. १५ फूट बाय १२ फुटांची खोली म्हणजे १८० चौरस फूट, म्हणजेच १६.७२ चौरस मीटर. (चौरस फुटांना १०.७६४ ने भागायचे.) पोटमाळा साधारणपणे धरत नाहीत. तुमची जागा ३०० फुटांच्या आत असेल तर चार-पाच फुटांवरून भांडण्यात अर्थ नाही, कारण किमान क्षेत्र मिळणारच. त्याहून मोठी असेल तर मात्र प्रत्येक फूट नव्या घरात मोजला जातो, तिथे सोडू नका.

संमतीपत्रावरची सही आणि खोली रिकामी करणे यांत अंतर ठेवा. खोली तेव्हाच सोडा, जेव्हा कायम पर्यायी जागेचा करार तुमच्या नावाने नोंदणीकृत झालेला असेल. त्यात हे असले पाहिजे: नव्या घराचा क्रमांक आणि मजला, चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये, काम पूर्ण होण्याची मुदत, बांधकाम होईपर्यंत बिल्डरने द्यायच्या दरमहा भाड्याची रक्कम आणि वार्षिक वाढ, किती महिन्यांचे चेक आगाऊ, उशीर झाल्यास भाडे चालू राहण्याची अट, कॉर्पस (पुढच्या देखभालीसाठी बिल्डरने द्यायचा एकरकमी निधी) आणि बँक हमी. सोबत करारात मंजूर नकाशाची प्रत लावून घ्या. सर्वसाधारण मुखत्यारपत्र किंवा कोऱ्या स्टँप पेपरवरची सही कुणालाही देऊ नका, चाळ कमिटीच्या सेक्रेटरीलाही नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नसली तरी कागद पुढे कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही.

पहिली दोन-तीन वर्षे भाडे येते आणि मग चेक परत येऊ लागतात, ही शेकडो कुटुंबांची कहाणी आहे. पहिला चेक परत आला की लगेच सगळ्यांनी मिळून बिल्डरला आणि मंडळाला लेखी कळवा. काम रखडलेला प्रकल्प म्हाडा कायद्याच्या कलम ९१अ खाली ताब्यात घेण्याचा अधिकार मंडळाला आहे, पण त्यासाठी तुमच्या तारखेसह तक्रारींची नोंद लागते.

९. पागडी विकताना किंवा घेताना

मालकाच्या संमतीशिवाय व्यवहार करू नका. संमतीसाठी मालक किमतीचा जो हिस्सा मागतो, त्याचे प्रमाण कायद्यात ठरलेले नाही. मुंबईत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासची प्रथा आहे आणि घासाघीस होते. घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी मालकाकडून स्वतःच्या नावाची पावती आणि नोंदणीकृत करार, दोन्ही एकाच वेळी घ्यावेत. विकणाऱ्याने आपल्या घरातील इतर सदस्यांच्या सह्या आधी घ्याव्यात.

१०. दाद कुठे मागायची

भाडे, ताबा, वारसा, तोडलेले पाणी या तक्रारी मुंबईत लघुवाद न्यायालयात जातात. ते धोबी तलावला आहे, वांद्र्यालाही शाखा आहे. जिथे लघुवाद न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात. इमारतीची दुरुस्ती, पात्रता आणि संक्रमण शिबिराचे प्रश्न दुरुस्ती मंडळाकडे न्या. पावसाळ्यात उपकरप्राप्त इमारतीचा भाग पडला तर ताडदेवच्या रजनी महालातील मंडळाच्या नियंत्रण कक्षाला आणि पालिकेच्या १९१६ क्रमांकावर कळवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना वरच्या मुद्दा २ मधली फाइल सोबत न्या, मूळ कागद दाखवा, पण हाती द्या फक्त झेरॉक्स.